देवान काय आयकूचा?

जूनचा तिसरा रविवार होता, पाऊस असा की इगर्जीच्या, म्हणजे चर्चच्या, पत्र्याच्या शेडखाली छत्र्यांचा ढीग आणि आत फरशीवर सगळीकडे ओल्या चपलांचे डाग. श्रद्धावंतांच्या प्रार्थना, म्हणजे मिस्सेत, रविवारच्या उपासनेत, लोकांच्या वतीने एकाने वाचायच्या मागण्या, त्या वाचायची पाळी माझी होती. मी आदल्या रात्री जागून स्वतः लिहून काढल्या होत्या, पुस्तकातल्या रेडिमेड वाचायच्या नाहीत असं ठरवलेलं. मासेमारी बंद होती, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदीच असते ना, आणि त्यात वाडीतल्या एका घरातला मुलगा आजारी, म्हणून दर्यावाल्यांसाठी खास एक प्रार्थना. ती अशी होती, बघा: "हे परमपित्या, तुझ्या अगाध करुणेच्या छत्रछायेखाली समस्त दर्यावर्दी बांधवांच्या उपजीविकेच्या साधनांना तुझे दिव्य संरक्षण लाभो, अशी आम्ही विनम्र याचना करतो."

वाचताना मला फार भारी वाटलं. खोटं कशाला बोलू.

मिस्सा सुटल्यावर आवारात शेवटच्या बाकावर बसणारी एक मावशी माझ्याजवळ आली. ती नेहमी तिथेच बसते, दरवाज्याजवळ, म्हणते गुडघे दुखतात आणि वारा लागतो. तिचा नवरा आणि दोन्ही मुलगे होडीवर. माझा हात धरून म्हणाली, "गे बाय, बरा वाचलंस. 'हे प्रभो आमची प्रार्थना आयक' म्हणान मी म्हटलंय. पण देवान काय आयकूचा ता माका कळाक नाय."

आणि हसली. टोमणा नव्हता तो, खरंच विचारत होती. मी पण हसले, घरी आले, भात खाल्ला आणि दुपारभर ते वाक्य डोक्यातून जाईना.

आमच्याकडची परिस्थिती थोडी सांगते म्हणजे कळेल. वेंगुर्ला तालुका, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर गाव. आमची घरं मूळची गोव्याकडची असं घरात सांगतात. घरात कोकणी बोलतो पण ती गोव्याची राहिलेली नाही, तिच्यात मालवणी इतकी मिसळलीय की पणजीत बोललो तर लोक विचारतात तुम्ही कुठचे. बाजारात मालवणी. शाळा मराठी. आणि आता मुलं इंग्लिश मिडीयमला. माझ्या शामायचं, म्हणजे आजीचं, प्रार्थनेचं पुस्तक कोकणी पण रोमन लिपीतलं, ती ते फाडफाड वाचायची आणि मराठी पेपर मात्र तिला वाचता यायचा नाही. माझ्या आईचं उलट, तिला देवनागरीच येते, त्यामुळे शामायचं पुस्तक तिच्यासाठी बंद. ती प्रार्थना सगळ्या पाठ म्हणते, पुस्तक हातात धरते ते फक्त शोभेला. आणि माझा मुलगा, त्याला रोमन अक्षरं येतात पण ती भाषा नाही. आता आई, मी, मुलगा, तीन पिढ्या एका बाकावर, एक पुस्तक, आणि कोणालाच ते पूर्ण वाचता येत नाही.

त्यामुळे मिस्सा कुठल्या भाषेत हा आमच्याकडे कायमचा वाद. म्हाताऱ्यांना कोकणी हवी, मधल्यांना मराठी, आणि मुंबईहून मे महिन्यात येणाऱ्यांना इंग्लिश. २००५ साली सिंधुदुर्ग धर्मप्रांत वेगळा झाला, सावंतवाडीला बिशप आले, त्याआधी आम्ही पुण्याच्या धर्मप्रांतात. तेव्हा वाटलेलं आता सगळं आपल्या भाषेत होईल. पण आपली भाषा म्हणजे कोणती, हे बिशप तरी कसं ठरवणार? पॅरिश कौन्सिलच्या एका मीटिंगमध्ये ह्या विषयावर एवढा आवाज चढला की फादर उठून खिडक्या लावायला गेले. पाऊस नव्हता.

तर त्या दुपारी मी बायबल काढलं आणि पौल या प्रेषिताने करिंथ गावातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेलं करिंथकरांस पहिलं पत्र, त्यातला चौदावा अध्याय उघडला. हा अध्याय मी आधी कधी नीट वाचला नव्हता, सगळे तेरावा वाचतात, लग्नात. प्रीती सहनशील आहे, प्रीती परोपकारी आहे, वगैरे. नवरानवरीला काय वाटतं की पौलाने हे हनिमूनला जाणाऱ्यांसाठी लिहिलंय, पण बाराव्या, तेराव्या आणि चौदाव्याला सलग वाचा, तो सगळा उपासनेतल्या भांडणाचा विषय आहे. कोण बोलणार, किती बोलणार, देवाकडून कोणाला मिळालेलं दान मोठं. झणझणणारी झांज म्हणतो ना तो, ती झांज म्हणजे इगर्जीत उभं राहून छान छान बोलणारा माणूस. म्हणजे मी.

करिंथ हे बंदराचं गाव. एक बंदर नव्हे, दोन, एका बाजूला लेखायुम आणि दुसऱ्या बाजूला किंख्रिया, मध्ये अरुंद जमीन. रोमन लोकांनी इसवीसनापूर्वी १४६ मध्ये ते गाव पार उद्ध्वस्त केलं होतं आणि मग इसवीसनापूर्वी ४४ मध्ये ज्युलियस सीझरने तिथे नवी वसाहत बसवली, गुलामगिरीतून सुटलेले बरेच लोक तिथे आणून. सरकारी कामकाज लॅटिनमध्ये, रस्त्यावर ग्रीक, आणि जहाजांवरून येणाऱ्यांच्या आणखी किती. मला वाचताना आपलं वेंगुर्ला आठवत होतं, डच लोकांची वखार अजून पडक्या अवस्थेत उभी आहे आमच्याकडे, बंदर म्हणलं की असंच, चार दिशांची माणसं आणि चार तऱ्हेची बोलणी. पौल तिथे दीड वर्ष राहिला आणि मग निघून गेला, आणि नंतर समुद्राच्या पलीकडे इफिसला असताना त्याला ख्लोवेच्या घरच्या माणसांनी सांगितलं की तिकडे भांडणं चालू आहेत. (बघा, बातमी पोचवणारी माणसं प्रत्येक पॅरिशमध्ये पहिल्या शतकापासून आहेत.)

भांडण काय, तर काही लोक उपासनेत अन्य भाषेत बोलायचे, म्हणजे आत्म्याने भारून जाऊन कोणालाच न कळणारे शब्द. पौल त्याला वाईट म्हणत नाही, स्वतःलाही ते येतं म्हणतो. पण मग सांगतो की मंडळीत दहा हजार शब्द अन्य भाषेत बोलण्यापेक्षा समजतील असे पाच शब्द मी बोलेन. आणि त्याच्या थोडं आधी विचारतो की तू काय म्हणतोस ते ज्याला कळत नाही तो तुझ्या प्रार्थनेला आमेन कसं म्हणेल? मी तिथे थांबले. कारण हेच तर मावशी विचारत होती, फक्त मालवणीत. आणि माझी भाषा तर अन्यसुद्धा नव्हती, शुद्ध मराठी होती, पुरस्कार मिळेल अशी.

आता त्यातला एक शब्द. आपल्या मराठी बायबलात त्या अध्यायात सारखं 'उन्नती' येतं, मंडळीची उन्नती, स्वतःची उन्नती. उन्नती म्हणलं की मला सहकारी पतपेढीचा फलक आठवतो. पण मूळ ग्रीक शब्द आहे ओइकोदोमे, त्यात ओइकोस म्हणजे घर, आणि पूर्ण शब्दाचा अर्थ सरळ बांधकाम. घर बांधणं. त्या एका अध्यायात तो शब्द आणि त्याचं क्रियापद मिळून सात वेळा येतं. म्हणजे पौल सात वेळा विचारतोय की बाबा, तू बोललास, पण भिंत वर गेली का?

आणि भिंत कशी वर जाते हे आम्हाला कोकणात कोणी शिकवायला नको. दोन वर्षांपूर्वी आमच्या मागच्या पडवीची भिंत पडली आणि परत बांधली, चिऱ्याची. चिरेखाणीतून ट्रक आला, जांभा ताजा कापलेला असला की जरा मऊ असतो, उन्हावाऱ्यात राहिला की घट्ट होत जातो, त्यामुळे गवंड्याने आधी ते आवारात नुसते रचून ठेवायला लावले आणि मी रोज विचारायची कधी सुरू करणार. मग काम सुरू झालं. मी चहा घेऊन गेले की बघत उभी राहायची. तो एक चिरा उचलायचा, ठेवायचा, ओळंबा लावायचा, परत काढायचा, दुसऱ्या बाजूने फिरवायचा, पारळीने थोडा ताशायचा. एक चिरा इतका सुंदर होता, लालभडक, कुठे छिद्र नाही, धारा एकदम सरळ. तो त्याने दोनदा लावून पाहिला आणि बाजूला टाकला. मी म्हणलं का हो, हा तर चांगला आहे. तर म्हणाला, "चिरो बरो हा, पण हय बसाचो नाय." खालच्या थराचा सांधा आणि वरच्याचा सांधा एका रेषेत येत होता, आणि सांधमोड झाली नाही तर भिंत तिथेच फाटते. म्हणजे चिऱ्यात दोष काहीच नव्हता, तो कोणाच्या डोक्यावर आणि कोणाच्या शेजारी बसणार हे बघावं लागतं.

माझी 'अगाध करुणेची छत्रछाया' म्हणजे तो चिरा.

पण हे सगळं एवढं सरळ नाहीये, आणि इथेच माझं पौलाशी थोडं वाजतं. कारण आमच्याकडे मे महिन्यात खुरसाजवळ लादीन होते. वाडीवाडीच्या क्रूसावर, संध्याकाळी, रंगीत कागदाच्या पताका आणि ट्यूबलाईट लावून. आणि ती लादीन लॅटिनमध्ये. लोरेतोची लितानी म्हणतात ती, १५८७ मध्ये पोपने मान्यता दिलेली, मरियेला एकेका नावाने हाक मारायची आणि लोकांनी म्हणायचं 'ओरा प्रो नोबिस', आमच्यासाठी विनंती कर. सुरुवात 'कीरिये एलेइसोन'ने, जी लॅटिनसुद्धा नाही, ग्रीक आहे. म्हणजे वेंगुर्ला तालुक्यातल्या एका वाडीत, माडाखाली, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसून लोक ग्रीक आणि लॅटिन गातात, एक जण व्हायोलिन वाजवतो, पहिला आवाज, दुसरा आवाज, सगळं कानाने शिकलेलं, उच्चार असे की रोममध्ये कोणी ओळखणार नाही, 'ओराप्रोनोबी' एका दमात. शेजारची हिंदू घरं पण येऊन बसतात. संपलं की उकडलेले चणे खोबऱ्याचे काप घालून कागदाच्या कोनात, मोठ्यांना ग्लासातून जे काय असेल ते, आणि मुलांना शरबत.

आता ह्यातलं किती जणांना कळतं? शून्य. मग भिंत वर जाते का? माझ्या मते वर्षभरात सगळ्यात जास्त तिथेच जाते.

हे कसं काय, यावर मी बरेच दिवस विचार केला, कारण मला मावशीचंही बरोबर वाटत होतं आणि लादीनही. मला जे सापडलं ते असं की लादिनीत शब्द कळत नसले तरी आपला शब्द कुठे येतो ते प्रत्येकाला माहीत असतं. पाच वर्षांच्या पोरालाही कळतं की आता थांबायचं आणि आता 'ओराप्रोनोबी' म्हणायचं. आणि ज्याच्या घरासाठी लादीन, त्याच्या घरातल्या मेलेल्यांसाठी शेवटी एक 'आमच्या बापा' म्हणतात ते मात्र कोकणीत, नाव घेऊन, आणि त्या वेळी लाऊडस्पीकर बंद असला तरी सगळ्यांना ऐकू जातं. माझ्या प्रार्थनेत उलटं होतं. मराठी तर सगळ्यांची, पण मावशीला त्यात शिरायला दार नव्हतं. होडी हा शब्द नव्हता, जाळं नव्हतं, पाऊस नव्हता, बँकेचा हप्ता नव्हता. उपजीविकेची साधनं होती.

म्हणजे पौलाचं चूक असं मी म्हणत नाही, तो तर करिंथच्या लोकांना म्हणतोय ना की तुम्ही एकमेकांना परके होताय, बोलणारा ऐकणाऱ्याला परका आणि ऐकणारा बोलणाऱ्याला. लादिनीत परका कोणी राहत नाही, एवढाच फरक असेल.

भाषेचं हे प्रकरण आपल्या बाजूला फार जुनं आहे. थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट पाद्री १५७९ मध्ये गोव्यात आला, इथली भाषा शिकला आणि ओव्यांमध्ये क्रिस्तपुराण लिहिलं, १६१६ मध्ये रायतूरला छापलं गेलं, जवळजवळ अकरा हजार ओव्या. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांना पुराण ऐकायची सवय होती, ती गेली म्हणून त्यांना चुकल्यासारखं व्हायचं, तर त्याने त्यांना पुराणच दिलं, आणि ते इगर्जीत मिस्सा झाल्यावर वाचलं जायचं. मला ह्या माणसाचं कौतुक वाटतं ते एवढ्यासाठी की स्वतःची भाषा इंग्लिश, धर्माची लॅटिन, राज्याची पोर्तुगीज, आणि तो बसला ओवी जुळवत. मग १६८४ साली व्हाईसरॉयने फर्मान काढलं की लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावं. तीन वर्षं! भाषा म्हणजे काय भाड्याची खोली आहे काय. फर्मानाने बोलणं काही थांबलं नाही, पण घरात एक भाषा आणि देवासमोर दुसरी ही सवय लागली ती लागलीच, आणि मला वाटतं माझ्या त्या प्रार्थनेतली छत्रछाया तिथूनच येते. देवासमोर जाताना आपण आपली बोली चपलांबरोबर बाहेर काढून ठेवतो.

पुढे ४ डिसेंबर १९६३ ला जगभरच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेबद्दलचा दस्तऐवज मंजूर केला, २१४७ मतं बाजूने आणि ४ विरुद्ध, आणि लोकभाषेत मिस्सा व्हायचा मार्ग मोकळा झाला. श्रद्धावंतांच्या प्रार्थना, ज्या मी वाचत होते, त्यासुद्धा त्या परिषदेनेच परत आणल्या, मधली कित्येक शतकं त्या जवळजवळ बंद होत्या. माझी शामाय सांगायची की आधी फादर आमच्याकडे पाठ करून लॅटिनमध्ये म्हणायचे आणि आम्ही आपलं तेर्स करत बसायचो, रोजरीचे मणी ओढत, घंटा वाजली की मान वर. मग पहिल्यांदा आपल्या भाषेत झाली तेव्हा एक म्हातारा म्हणालेला, "येवढाच म्हणायचे काय ते? माका वाटला कायतरी मोठा असतला."

दुसऱ्या शतकातला जस्टिन म्हणून एक लेखक, साधारण १५५ च्या सुमाराला रोममध्ये, त्याने रविवारी ख्रिस्ती लोक काय करतात ते सम्राटासाठी लिहून ठेवलंय. लिखाण वाचतात, मग पुढारी बोलतो, मग सगळे उठून प्रार्थना करतात, मग भाकर आणि द्राक्षारस, पुढारी उपकारस्तुती करतो आणि लोक आमेन म्हणतात. जे आले नाहीत त्यांच्या घरी वाटा पोचवतात. आणि ज्यांना जमेल ते पैसे देतात ते अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगातले आणि परगावचे ह्यांच्यासाठी जातात. मला ह्यात आवडलं ते हे की आमेन आणि वर्गणी एकाच दमात येते. आपण ते वेगळं केलं, आमेन आत आणि वर्गणीची भांडणं बाहेर.

बाहेरच्या बोलण्यावरून आठवलं. हे लिहू की नको असं चाललेलं, पण लिहिते.

आमच्या कॉयरमध्ये एक अंकल होते, वय सत्तरीच्या पुढे, दुसरा आवाज त्यांचा. गेल्या वर्षी त्यांचा आवाज फाटायला लागला, वरच्या सुरावर कापायचा. एकदा मिस्सा झाल्यावर आवारात आम्ही तिघी-चौघी उभ्या होतो आणि मी म्हणलं, "अंकलचा आता रेडिओ झालाय, स्टेशन लागत नाही." सगळ्या हसल्या. झालं. मी घरी गेले, विसरले पण. पुढच्या रविवारी अंकल कॉयरमध्ये नाहीत. मला वाटलं बरं नसेल. त्याच्या पुढच्या रविवारी शेवटच्या बाकावर, मावशीच्या पलीकडे, हातात गाण्याचं पुस्तक मिटलेलं. सहा महिने तो माणूस इगर्जीत येत होता आणि तोंड उघडत नव्हता. याकोबाच्या पत्रात जिभेला जहाजाच्या सुकाणूची उपमा दिलीय, एवढं मोठं तारू आणि एवढंसं सुकाणू. आमच्याकडे हे लहान पोरालाही कळतं. मी वेदीजवळ उभी राहून महिन्याला एकदा छान मराठी वाचत होते आणि आवारात दोन मिनिटांत एक अख्खा चिरा भिंतीतून काढून टाकला होता.

मला कळलं तेही तिसऱ्याकडून. मग गेले त्यांच्या घरी, रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून कुलकुलं घेऊन, नाताळ तोंडावर होता. काय बोलायचं ते वाटेत पाठ केलेलं आणि तिथे काहीच आठवेना. म्हणलं, अंकल, माझं तोंड वाईट आहे. ते म्हणाले, "तोंड वायट नाय गे तुझा. पण आवाज खराच गेलो." चहा दिला. आंटीने कुलकुलं आतल्या डब्यात ओतून माझा डबा धुऊन परत दिला, त्यात चार पोफळं घालून. कॉयरमध्ये काही ते परत आले नाहीत. मात्र मे महिन्यात लादिनीला, व्हायोलिन सुरू झालं तसा त्यांनी दुसरा आवाज धरला, कापत कापत, आणि तिथे कोणाला स्टेशन शोधायची गरज वाटली नाही.

एक छोटं विषयांतर. त्याच चौदाव्या अध्यायात पुढे चौतिसाव्या वचनात लिहिलंय की स्त्रियांनी मंडळ्यांत गप्प राहावं. हे मला कौन्सिलमधल्या एका गृहस्थांनी आवर्जून दाखवलं, मी सगळा अध्याय वाचलाय म्हणल्यावर. मी त्यांना अकराव्या अध्यायातलं पाचवं वचन दाखवलं, जिथे पौल बायका प्रार्थना करतात आणि संदेश देतात हे धरूनच चालतो, फक्त डोक्यावर पदराचं बोलतो. दोन्हींचा मेळ कसा घालायचा यावर अभ्यासकांचं अजून जमलेलं नाही, मी कशाला पडू. एवढं सांगते की जानेवारी २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी वाचकाची अधिकृत सेवा स्त्रियांना खुली केली, आणि वाचन तर आम्ही त्याच्या कितीतरी आधीपासून करतोच आहोत, कारण रविवारी सकाळी पुरुष मंडळी बाहेर बाईकवर बसलेली असतात.

आणि ते अन्य भाषेचं म्हणाल तर मी ते प्रत्यक्षातही पाहिलंय, एका रिट्रीटला. कॅथलिक लोकांत ही करिस्मॅटिक प्रार्थना १९६७ पासून अमेरिकेत सुरू झाली आणि आपल्याकडेही आली. हॉलमध्ये पाचशे माणसं हात वर करून प्रत्येक जण आपापलं. माझ्या एका मावसबहिणीला तिथे खरंच शांती मिळाली, नवरा गेल्यापासून पहिल्यांदा ती रडली. तिच्याच शेजारी तिची सात वर्षांची पोर घाबरून माझ्या मांडीत तोंड खुपसून बसली होती. पौलाने दोघींचंही ऐकलं असतं असं मला वाटतं. तो म्हणतोच की दोघांनी नाहीतर फार तर तिघांनी बोलावं, पाळीपाळीने, आणि अर्थ सांगणारा कोणीतरी असावा.

माझी एक मैत्रीण वेंगुर्ल्यातल्या प्रोटेस्टंट मंडळीतली, तिच्याकडे हा प्रश्न वेगळ्याच पद्धतीने सुटलाय. त्यांच्या 'उपासना संगीत' या गाण्यांच्या पुस्तकात ना. वा. टिळकांची गाणी आहेत, आपल्याच कोकणातले, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे, जन्म १८६१ चा, १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला, आणि अभंग-भजनाच्या वळणाने ख्रिस्ती पदं लिहिली. पेटी, तबला, झांज, आणि ती आजीबाई जिला सही करता येत नाही ती पाचवं कडवंसुद्धा बिनचूक म्हणते. मी एकदा तिच्यासोबत बसले आणि खरं सांगू, हेवा वाटला. आमच्या गाण्यांचे शब्द अर्धी पोरं फोनवर शोधत असतात.

तर मग मी काय केलं. माझी पाळी परत आली ती ऑगस्टच्या पहिल्या रविवारी, बंदी उठल्यानंतरच्या. मी कागद-पेन घेऊन सरळ मावशीच्या घरी गेले. म्हणलं, तू सांग, मी लिहिते. ती पडवीत बसून जाळं शिवत होती. म्हणाली, माका काय समाजता? मग म्हणाली, आधी बोटींची नावा लिही. कशाला? "देवाक कळाक नको खंयची बोट?" मग ती सांगत गेली आणि मी लिहीत गेले, आमच्या वाडीतल्या आणि पलीकडच्या, हिंदू मच्छीमारांच्या गाबीत वाडीतल्यासुद्धा, त्यांची वेगळी यादी करायचं तिच्या मनातही आलं नाही, कारण समुद्रात सगळ्यांना एकच वारा. मग आजारी मुलगा. मग डिझेलचा भाव. मग म्हणाली, आणि जे गेले आणि गावले नाय त्यांच्यासाठी, पण नावा नको, त्यांच्या आयशी बसलेल्या असतले.

रात्री मी ते मराठीत नीट करायला बसले आणि दोन ओळींनंतर सोडून दिलं. तसंच ठेवलं, अर्धं मालवणी. फादरना दाखवलं, ते गोव्याकडचे, वाचून म्हणाले ठीक आहे, पण लांब आहे हं. म्हणलं, होड्या जास्त आहेत फादर.

एक वचन सांगायचं राहिलंच. त्या चौदाव्यात, तिसावं. पौल म्हणतो, बसलेल्यांपैकी कोणाला काही प्रकट झालं तर जो बोलत उभा आहे त्याने गप्प व्हावं. मी ते वाचलेलं, पण आपल्याकडे असं कुठे होतं म्हणून पुढे गेले होते.

रविवारी मी उभी राहिले. वाचायला लागले. एकेक बोटीचं नाव, बाहेर पाऊस, आत इतकी शांतता की माईकची घरघर ऐकू येत होती. यादी संपली, मी श्वास घेतला, आता सगळे 'हे प्रभो आमची प्रार्थना ऐक' म्हणणार, तेवढ्यात शेवटच्या बाकावरून मोठ्याने आवाज आला,

"गे बाय, मधली एक ऱ्हवली!"

सगळी इगर्ज मागे वळली. अंकल तोंडावर हात धरून हसत होते. फादर वेदीमागे हात जोडून उभे, थांबले. मी कागद परत वरून बघायला लागले, बोट फिरवत, आणि खरंच, सहावी आणि आठवी यांच्या मध्ये एक ओळ मी गाळली होती. ती वाचली.